मागे बसलेला घोडेस्वार

आमच्या घराण्यातला घोड्यावर बसलेला माणूस मी कधी पाहिला नाही. घोड्याबद्दल बोलणारे मात्र पुष्कळ पाहिले. कधीकाळी आमचा कुणी पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होता, एवढ्याच भांडवलावर पुढच्या चार पिढ्यांच्या पुरुषांनी मिशा वाढवल्या. पोटासाठी त्यांनी केलं ते सगळं खुर्चीत बसून. कुणी कारकून, कुणी शाळामास्तर, कुणी सहकारी सोसायटीत. पण लग्नकार्यात एकत्र जमले की नुकतेच घोड्यावरून उतरून आत आल्यासारखे पाय फाकवून बसत आणि जेवणाची वाट बघत.

या सगळ्यांत पुढे आमचे दोड्डप्पा, म्हणजे अप्पांचे थोरले भाऊ. आम्ही घरात मराठी बोलतो, पण नात्यांची नावं कधीच कानडी होऊन गेलीत. त्यामुळे थोरले काका ते दोड्डप्पा आणि काकू त्या दोड्डम्मा. दोड्डप्पा एका सरकारी कचेरीतून सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीभर ते सायकलने गेले, आणि शेवटची काही वर्षं हाताखालच्या एका कारकुनाच्या स्कूटरवर मागे बसून. त्यांच्या दिवाणखान्यात पितळी रिकिबींची एक जोडी खिळ्याला टांगलेली असायची. दसऱ्याच्या आधी ती चिंचेने घासून लख्ख करायचं काम दोड्डम्माचं, आणि आल्यागेल्याला ती दाखवायचं काम दोड्डप्पांचं. घासताना दोड्डम्माला कुणी पाहुण्यांसमोर आणलेलं मला आठवत नाही.

मी तेव्हा हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात खरेदी विभागात नोकरी करत होते. आमचं घर म्हैसुरातच, सरस्वतीपुरमला. सकाळी एक बस, मग दुसरी बस, आणि दोन्हींत उभं राहून प्रवास. संध्याकाळी तेच उलट. दुसरी बस कधी यायची, कधी भरून वाहत पुढे निघून जायची, आणि कारखान्याच्या फाटकावरचा माणूस मात्र घड्याळाकडे बघूनच आत सोडायचा. धाकट्या भावाला बंगळूरला नोकरी लागली तेव्हा तो आपली मोटारसायकल घरी ठेवून गेला. शेडमध्ये गोणपाट पांघरून ती उभी होती. भाऊ सुट्टीला आला की मी त्याच्याकडून क्लच, गिअर शिकत असे, आधी गंमत म्हणून, मग नेटाने. एक दिवस बस चुकल्यावर रिकाम्या थांब्यावर उभी असताना मी ठरवलं की आता गाडीनेच जायचं.

घरात हे कुणाला आवडलं नाही. आई म्हणाली, घ्यायचीच तर बायकांची स्कूटी घे. अप्पा काहीच म्हणाले नाहीत. अप्पा कशालाच काही म्हणत नसत, आणि लोक त्याला शांत स्वभाव म्हणत. दोड्डप्पांनी मात्र बातमी कळताच सकाळी येऊन कॉफी मागितली आणि जाहीर केलं की पोरगी शिकणार असेल तर ते स्वतः शिकवतील.

"आपल्या रक्तात आहे ते," ते म्हणाले. "घोडा काय, मोटारसायकल काय. मांड बसली पाहिजे."

मोटारसायकल त्यांनी जन्मात चालवली नव्हती. हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही बोललं नाही. मीही नाही. मी तीस वर्षांची, पगार आणणारी बाई, निमूटपणे दर रविवारी सकाळी घराजवळच्या मैदानात गाडी ढकलत न्यायची, आणि हे मधोमध काठी टेकून उभे राहायचे. मी त्यांच्याभोवती फेऱ्या मारायच्या. "मांड घट्ट. पाठ ताठ. मान वर." मैदानात फिरायला येणारे पेन्शनर थांबून बघत. दोड्डप्पांना प्रेक्षक मिळाले की आवाज चढायचा. मी न अडखळता फेरी पूर्ण केली की ते पेन्शनरांकडे बघून मान हलवायचे, जणू गाडी काठीवर चालली होती.

या शिकवणीतला मुख्य धडा पुढच्या ब्रेकबद्दल होता. त्याला हात लावायचा नाही, कधीही नाही.

"घोड्याचा लगाम एकदम खेचला तर घोडा काय करतो? उभा राहतो, स्वाराला मागे टाकतो. ही त्याच्या उलट, डोक्यावरून पुढे फेकते. थांबायचं ते पायाच्या ब्रेकने. पुढचा ब्रेक सुम्ने दिलेला असतो."

सुम्ने म्हणजे उगीच. कंपनीने एवढी तार, एवढा दांडा, एवढं लोखंड सुम्ने बसवलं असेल का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण त्यांनी रंगवलेलं चित्र भीतीचं होतं आणि भीती चटकन पटते. मी उजव्या हाताची बोटं ब्रेकच्या दांड्यापासून लांब ठेवायला शिकले. तशीच परीक्षा दिली, तसाच परवाना मिळाला, आणि तशीच हूटगळ्ळीला जाऊ लागले. काही झालं नाही, कारण मी भीतभीत, सायकलवाल्यांच्या मागून चालवत होते. दोड्डप्पा सगळ्यांना सांगत, माझी शिष्या.

संक्रांतीनंतर दोड्डम्माच्या माहेरी, सोसले गावी, नव्या घराची वास्तुशांत निघाली. तिच्या भावाने जुनं घर पाडून मजला चढवला होता. बाकीचे सगळे आदल्या दिवशीच बसने गेले. दोड्डप्पा गेले नाहीत. सासुरवाडीला बसमधून, पिशव्या सांभाळत, घामाघूम होऊन उतरायचं त्यांच्या मनात नव्हतं. मला फक्त त्याच दिवसाची रजा मिळाली होती आणि मी सकाळी निघणार होते. तेव्हा ते माझ्या गाडीवर येणार असं त्यांनीच ठरवलं. मला विचारलं नाही, सांगितलं. मोटारसायकलवरून, पुतणीला सारथ्य करायला लावून, डोक्यावर जरीचा म्हैसुरी पेटा घालून मांडवाच्या दारात उतरायचं, एवढं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. पेटा उडू नये म्हणून वाटेत तो पिशवीत होता आणि पिशवी त्यांच्या मांडीवर. हेल्मेट मी भावाचं घातलं होतं, जरासं सैल. त्यांना दुसरं देऊ केलं तर म्हणाले, घोडेस्वार डोक्यावर भांडं घालून बसत नाही.

त्याआधी मी मागे कुणालाही बसवलं नव्हतं. निघताक्षणीच गाडी वेगळी वाटली. पुढचं चाक हलकं आणि मागचं ओढाळ. दोड्डप्पा स्थिर बसणारे नव्हते. शेतं दाखवायला उजवीकडे वळायचे, कुणी ओळखीचं दिसलं असं वाटून डावीकडे, आणि प्रत्येक वेळी हँडल माझ्या हातात थरथरायचं. वळण आलं की मी ज्या बाजूला कलायची त्याच्या विरुद्ध बाजूला ते कलत. तोल राखण्यासाठी, असं त्यांचं मत. आणि सगळा वेळ बोलणं. शहर मागे पडलं, चिंचेची झाडं लागली, कालव्याचं पाणी, भाताची कापलेली रानं, आणि माझ्या कानाशी महाराजांच्या घोडदळाची हकिकत, जी मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले होते.

नरसीपूरच्या अलीकडे रस्ता डावीकडे वळतो. त्या दिवसांत तिकडचे शेतकरी हुरळी, म्हणजे कुळीथ, काढून वेलांसकट डांबरी रस्त्यावर पसरतात. बस, लॉरी वरून जातात आणि आपोआप मळणी होते. मला हे माहीत होतं, पण दिसलं तेव्हा आम्ही वळणावर होतो आणि पुढचा सगळा रस्ता त्या सुक्या वेलांनी झाकलेला. मी वेग कमी करू लागले होते, तेवढ्यात दोड्डप्पांनी माझा उजवा खांदा धरला.

"आवळ, आवळ."

मी मला शिकवलेलं तेच केलं. पायाचा ब्रेक पूर्ण दाबला. मागचं चाक फिरायचं थांबलं आणि वेलांवरून तेलावरून जावं तसं उजवीकडे सरकत गेलं. गाडी डावीकडे कलत होती आणि ते माझा खांदा धरून मला उजवीकडे ओढत होते. मग आम्ही आडवे झालो. वेग फार नव्हता. डावा तळहात टेकला, त्यावर माझं वजन, आणि माझ्यावर दोड्डप्पांचं. मनगटातून काहीतरी गेलं, ते मला ऐकू आलं नाही, कळलं. गुडघ्यावरची सलवार फाटली. गाडी थोडी पुढे घसरत जाऊन हुरळीच्या ढिगात थांबली. इंजिन बंद पडलं आणि त्यांचं बोलणंही, क्षणभर.

माझ्या अंगावरून ते उठले. मला हात दिला नाही. आधी पिशवी उघडून पेटा बघितला. पेटा ठीक होता. मग धोतराचा फाटलेला काठ बघितला, हातपाय हलवून बघितले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ब्रेक का मारलास?"

मी रस्त्यावर बसून होते, डावा हात मांडीवर.  

शेतातून माणसं धावत आली. एक नवरा, बायको आणि त्यांची म्हातारी. गाडीतून पेट्रोल ठिबकत होतं आणि ते हुरळीत चाललं होतं, म्हणून आधी त्यांनी गाडी उचलली. म्हातारी धान्य नासलं म्हणून चिडली होती. बाईने माझ्या गुडघ्यावर कळशीतलं पाणी ओतलं आणि हाताला फडकं बांधायला दिलं. याच सुमारास दोड्डप्पा त्या माणसाशी भांडायला लागले. रस्त्यावर पीक पसरणं गुन्हा आहे, आपण सरकारी अधिकारी आहोत, एका शब्दात त्याला आत घालू शकतो. तो माणूस त्यांचं ऐकत पेंढी गोळा करत राहिला. पुतणीचा हात सुजून दुप्पट झालाय आणि हा माणूस एका निवृत्त कचेरीच्या जोरावर कुळथाला धमकावतोय, हे मी तिथे बसून पाहिलं. त्यांच्याबद्दल मला आधी आदर होता असं नाही. सवय होती. त्या रस्त्यावर ती सवय गेली.

गाडी त्या शेतकऱ्यांच्या घरापाशी ठेवून आम्ही नरसीपूरची बस धरली. बसमध्ये एकच जागा रिकामी होती. ती दोड्डप्पांनी घेतली. मी उजव्या हाताने दांडा धरून उभी राहिले. डावा हात छातीशी. एका कॉलेजच्या मुलीने उठून मला बसायला दिलं. दोड्डप्पांनी तिला शाबासकी दिली.

नरसीपूरच्या दवाखान्यात गर्दी होती. हाडाचा फोटो काढून प्लॅस्टर घालायला वेळ लागणार असं कळलं, तेव्हा दोड्डप्पांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे तीन-चारदा पाहिलं. मग म्हणाले की मुहूर्त टळून जाईल, यजमानाच्या मेहुण्यानेच नसणं बरं दिसत नाही, ते पुढे जातात आणि कुणालातरी पाठवतात. मी म्हटलं, जा. त्यांनी पिशवी उचलली. पिशवीत माझीही साडी होती, वास्तुशांतीला नेसायची. तीही गेली.

कुणीही आलं नाही. मनगटाचं हाड चिरलं होतं. प्लॅस्टर घालून, गोळ्या घेऊन मी एकटीच बसथांब्यावर आले आणि पूल ओलांडून सोसले गावात पोचले, तेव्हा दुपारची पंगत बसली होती. फाटक्या सलवारीत, गळ्यात झोळी अडकवलेल्या हाताने मी मांडवात शिरले, तसा सगळ्यांचा आवाज खाली आला. फक्त एक आवाज चालू राहिला, कारण त्याचं दाराकडे लक्ष नव्हतं.

दोड्डप्पा पंगतीच्या टोकाला, डोक्यावर पेटा, पानावर होळिगे, म्हणजे पुरणपोळी. ते सांगत होते की पोरगी घाबरली, तिचे हातपाय गळाले. त्यांनी मागून झटकन पाय टेकून गाडी सावरली, नाहीतर दोघंही कालव्यात गेलो असतो. कालवा रस्त्यापासून चांगला लांब होता. वाढणारा थांबला होता आणि ते एकीकडे ऐकवत, दुसरीकडे होळिगेवर आणखी तूप घे म्हणून खूण करत होते.

मग त्यांनी मला पाहिलं. जराही न चपापता म्हणाले, "आली बघा. बस पोरी, जेव. नशीब म्हण, मी होतो."

मी जेवले. हे सांगायला मला अजूनही राग येतो. काहीतरी बोलायला हवं होतं, पण भूक लागली होती, आणि चारी बाजूंनी बायका विचारत होत्या की कुठला हात, डावा का उजवा, आणि डावा आहे कळल्यावर हुश्श करत होत्या. एकीने दुसरीला कानडीत सांगितलं की आता हिचं लग्न अजून लांबलं. तिला वाटलं मला कानडी कळत नाही. म्हैसुरात जन्मलेली मी.

घरी आल्यावर आईने मला भरवलं, केस विंचरून दिले, आणि गाडीचं नाव काढलं नाही. अप्पांनाच मी विचारलं. पंगतीत ते समोर बसले होते आणि सगळं ऐकत होते.

"अप्पा, तुम्ही एक शब्दही का बोलला नाहीत?"

ते पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "थोरले आहेत ते. बिडु."

बिडु म्हणजे सोड. आमच्या घरातल्या पुरुषांना दोन गोष्टी येतात. एकाला बढाया आणि दुसऱ्याला बिडु.

मग समाचाराला येणाऱ्यांची रांग लागली. सरस्वतीपुरमच्या आमच्या छोट्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी कुणी ना कुणी बिस्किटांचा पुडा घेऊन बसलेलं असे. माझा हात कसा आहे हे कुणी विचारत नसे. प्रत्येकाला आपल्या माहितीतला अपघात सांगायचा असे, माझ्यापेक्षा मोठा. शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले की स्त्रियांची दृष्टी लांबचं टिपत नाही. ते स्वतः जाड भिंगाच्या चष्म्यातून मी नेमकी कुठल्या खुर्चीवर आहे ते शोधत होते. एका मामींनी सांगितलं की त्यांना स्वप्न पडलं होतं. आधी का नाही सांगितलं असं विचारल्यावर त्या कॉफी पीत राहिल्या. सगळ्यांना दोड्डप्पांची गोष्ट पाठ झाली होती. एकाने तर दोड्डप्पांनी उडी मारून हँडल धरलं असंही सांगितलं, आणि मला, गाडी चालवणारीला, ते कसं धरलं याची हातवारे करून प्रात्यक्षिकं दाखवली.

दोड्डप्पा स्वतः दर दोन दिवसांनी येत. एका संध्याकाळी त्यांनी गाडी विकण्याचा विषय काढला. शेतकऱ्याकडून ती एव्हाना टेम्पोत घालून आणली होती आणि शेडमध्ये उभी होती. मुलीच्या जिवापेक्षा लोखंड मोठं नाही, असं बरंच बोलून झाल्यावर कळलं की गिऱ्हाईकही तयार आहे. त्यांचा जावई. त्याला कामावर जायला गाडी हवीच होती, आणि पडलेली गाडी म्हणजे घरच्या घरात स्वस्तात मिळणार. माझ्या मोडलेल्या मनगटावर त्यांनी हाही एक सौदा बसवला होता. मला हसू आलं.

"गाडी विकायची नाही, दोड्डप्पा."

"मग चालवणार कोण?"

"मी."

त्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी पेपराचं पान उलटलं. आयुष्यात पहिल्यांदा अप्पांचं गप्प राहणं माझ्या उपयोगी पडलं.

त्या रविवारी कोपऱ्यावरच्या बूथवरून भावाला फोन केला. त्याला पडल्याचं कळलं होतं, कसं ते नव्हतं. मी सगळं सांगितलं. पुढचा ब्रेक वापरायचा नाही म्हणून मी कधीच वापरला नाही, हेही सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मग तू आत्तापर्यंत थांबत कशी होतीस?" गाडी थांबवण्याचं बहुतेक काम पुढचं चाक करतं. ब्रेक लावला की वजन पुढे जातं, मागचं हलकं होतं आणि हलकं चाक घसरणारच. पुढचा ब्रेक मात्र चिमटीत पक्षी धरावा तसा धरायचा, झडप घालायची नाही, आणि वळणावर किंवा वाळूत तर त्याच्याही आधी, गाडी सरळ असतानाच वेग उतरवून घ्यायचा. हे त्याला वाटत होतं की मला माहीत आहे. मला शिकवणारा घोडेस्वार आहे हे तो विसरला होता.

प्लॅस्टर निघालं, मनगट वळायला लागलं, तेव्हा मी नव्याने सुरुवात केली. मैदानात नाही, पेन्शनरांसमोर नाही. हूटगळ्ळीच्या पलीकडे तेव्हा नवीन लेआउट पडत होते. डांबरी रस्ते झालेले, कोपऱ्याकोपऱ्यावर नंबर लिहिलेले दगड, आणि घर एकही नाही. कारखाना सुटला की मी तिकडे जायची. आधी एका रेषेत, पुढचा ब्रेक थोडा, अजून थोडा, चाक कुठे कुरकुरतं ते ऐकत. डोक्यावरून फेकली गेले नाही. गाडी नाक खाली करून शहाण्यासारखी थांबली. पहिल्यांदा ती तशी थांबली तेव्हा मला आनंद झाला नाही, संताप आला. एवढं सोपं होतं आणि मी एका बढाईखोर म्हाताऱ्याच्या काठीभोवती महिनोन्‌महिने गरगर फिरले. त्याच्यापेक्षा मोठी मूर्ख मीच, हे त्या मोकळ्या रस्त्यावर मी मोठ्याने म्हटलं. ऐकायला कुणी नव्हतं.

वाळूचे ढीग तिथे हवे तेवढे होते. मी मुद्दाम पातळ वाळूवरून गाडी नेली, ब्रेकला हात न लावता, हँडल सैल धरून, वळून न बघता. दोनदा पडले. हळू पडले, कपडे झटकून उठले. वळणावर ज्या खड्ड्याकडे बघावं त्यातच चाक जातं आणि जिथे जायचं तिथे बघावं तर गाडी तिथेच जाते, हे तिथेच समजलं. हे कळायला ते रक्तात असावं लागत नाही. डोळे उघडे ठेवले की पुरतं.

राहिला होता मागे बसणाऱ्याचा प्रश्न. कारखान्यात पुण्याहून आलेली एक बाई माझ्या विभागात होती. माझं मराठी ऐकून तिला हसू यायचं, कारण मी अर्ध्या वाक्यात कानडीत शिरते आणि ते माझ्या लक्षातही येत नाही. तिचं मराठी इतकं धुतलेलं की तिच्यासमोर बोलताना मला इस्त्रीची साडी नेसल्यासारखं वाटायचं. पण ती घाबरट नव्हती. मी तिला विचारलं, मागे बसशील का, मला वजनाची सवय करायची आहे. ती म्हणाली, "बसते की. पण मी करायचं काय?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "तांदळाच्या पोत्यासारखी बस. माझ्या कमरेला धर, मी कलले की कल, आणि वळणावर बोलू नकोस."

ती तशी बसली. पहिल्याच दिवशी गाडी हाताला लागली. दोड्डप्पांना त्या दिवशी जे साधलं नव्हतं ते तिला काहीच न करता साधलं. पुढे ती रोज माझ्याबरोबर यायला लागली आणि बस आम्ही दोघींनीही सोडली.

पुढच्या हिवाळ्यात मी एकटी नरसीपूरच्या रस्त्याने गेले. काही काम नव्हतं. वळण तेच, हुरळीही होती. मी लांबूनच वेग उतरवला, गाडी सरळ केली, हात सैल सोडले आणि वेल तुडवत चालत्या माणसाच्या वेगाने पलीकडे गेले. कडेला तीच कळशीवाली बाई उभी होती, तिने मला ओळखलं की नाही कुणास ठाऊक. तिने पेंढी पसरण्यासाठी हातवाऱ्याने मला बाजूला व्हायला सांगितलं, मी झाले.

यानंतर काही वर्षांनी एका चुलतबहिणीच्या लग्नात दोड्डप्पा मांडवात खुर्च्यांचं कोंडाळं करून बसले होते. बरेच थकले होते, पण आवाज तसाच. नवऱ्या मुलाला सासऱ्याकडून मोटारसायकल मिळणार होती आणि ते त्याला पहिला धडा देत होते. पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. घोड्याचा लगाम. डोक्यावरून पुढे. तो बिचारा मुंडावळ्या बांधून मान डोलवत होता. मी खुर्ची ओढून समोर बसले.

"दोड्डप्पा, तुम्ही मोटारसायकल कधी चालवलीत का?"

 मला वाटलं, आता निदान पापणी लवेल. त्यांनी माझ्याकडे कीव करावी तसं पाहिलं.

"चालवायला कशाला पाहिजे? रक्तात असतं ते." मग मुलाकडे वळून, "ही माझीच शिष्या. पडली होती एकदा. मी होतो म्हणून वाचली."

सगळ्यांनी माना डोलावल्या. अप्पांनीही. त्या माना बघताना मला कळलं की यांना खरं काय ते हवंच नाहीये. त्यांना फक्त घोडदळ हवंय, आणि ते मिळत असेल तर माझ्यासारख्या दहा जणींची मनगटं मोडलेली चालतील. मी नवऱ्या मुलाला सगळ्यांदेखत सांगितलं की ब्रेक पुढचाच महत्त्वाचा, आणि लग्न आटोपल्यावर शिकायचं असेल तर हूटगळ्ळीला ये. तो संकोचून हसला. तो आला नाही, हेही सांगून टाकते.

पंगतीला मी थांबले नाही. साडी गुडघ्यापर्यंत खोचली, हेल्मेट बांधलं आणि गाडी सुरू केली. वाटेत एका हॉटेलात सेट डोसा खाल्ला, कॉफी प्यायले, आणि उजेड होता तोवर रिंग रोडवरून एक चक्कर मारून मग घरी गेले.